धाकट्या जावेची दुआ

सफरू
शाबान महिना संपत आलाय, दुपार

माझी थोरली बहीण, आईच्या जागी असलेली, लाराशची रकियाताई, हिला धाकट्या मन्नानाचा सलाम आणि त्या सलामावर आणखी एक सलाम. गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा त्यांना सोसायची नाही हे मी तुझ्या लग्नातच म्हणाले होते, पण माझं ऐकतो कोण. भाओजींचा खोकला, सुनेचा स्वभाव, मांजरीचा डोळा, सगळ्याला उतार पडो. इकडे अल्लाहच्या कृपेनं सगळे खुशाल आहेत आणि तुझ्या दर्शनावाचून आम्हाला काही उणं नाही. (हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पत्रात घालतात म्हणून घातलं. उणं पुष्कळ आहे, आणि माझ्याकडे जे जे उणं आहे ते ते सगळं माझ्या धाकट्या जावेकडे आहे.) हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुझी सून फोनचा आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवते आणि आपल्या घरचं सगळं मासळीबाजारापर्यंत पोचतं. तेव्हा हे एकटीनं वाच आणि मग शेगडीत घाल.

तर विषय शामाचा. तुला माहीत आहेच, मी पडदे बदलले की ती पडदे बदलते, मी केसांना मेंदी लावली की हिच्या केसांना माझ्याहून लाल रंग चढतो. मशिदीत बायकांसाठी कुराण पाठ करून घ्यायचे वर्ग सुरू झाले तेव्हा पहिलं नाव मी घातलं आणि दुसरं हिनं. आमच्या अवातिफबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण शिकवायला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की जो कुराण पाठ करतो त्याच्या आईबापांना कयामतच्या दिवशी मुकुट घालतात, आणि त्या मुकुटाचा उजेड सूर्याहून जास्त असतो. ताई, ते ऐकलं आणि मला दुसरं काही ऐकूच येईना. मला आपली आई दिसली. शामाच्या लग्नातली आई.

तू तेव्हा बाळंतपणात होतीस, म्हणून पुन्हा सांगते. (दर पत्रात सांगते हे मला माहीत आहे.) आपली आई हमामात बायकांना अंग घासून द्यायची, पण त्या दिवशी ती पाहुणी म्हणून आली होती, निळा कफ्तान घालून, वराच्या थोरल्या वहिनीची आई म्हणून. शामाची आई, ती फेसची हाजिणबाई, आत आली, हिला ओळखलं, आणि आपल्या जरीच्या सपाता काढून हिच्या हातात दिल्या. हमामात देतात तशा. आणि आईनं त्या घेतल्या गं. लग्न उरकेपर्यंत हातात धरून उभी होती, वर हसत होती. आता हाजिणबाई गेली, अल्लाह तिला माफ करो. (मी अजून विचार करतेय.) पण मला सांग, शामाचं कुराण आधी पाठ झालं तर? कयामतच्या मैदानात हाजिणबाई मुकुट घालून पुढे, आणि आपली आई मागून सपाता धरून? हे मी जिवंत असताना होणार नाही असं मी ठरवलं, आणि मेल्यावर तर मुळीच नाही.

पण ठरवून काय होतं. कुराणाच्या शेवटाकडच्या लहान सूरा पाठ झाल्या, त्यांच्या वरच्या झाल्या, आणि माझं घोडं पेंड खायला लागलं ते रहमानच्या सूरेत. त्या सूरेत एकच ओळ थोड्या थोड्या वेळानं परत येते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पाठ करणाऱ्याच्याही येतं, पण वेगळ्या कारणानं. त्यातून पोवळी दोनदा आहेत. आधी समुद्रात मोत्यांबरोबर, आणि मग बरंच पुढे जन्नतमध्ये माणकांबरोबर. माझी जीभ चांगली जन्नतपर्यंत चढते, बागा बघते, झरे बघते, आणि तिथल्या पोवळ्यांवर पाय पडला की घसरून थेट समुद्रात. मग पुन्हा मोती, पुन्हा गलबतं, पुन्हा तीच चढण. एकदा मी अशी घाण्याला जुंपल्यासारखी फिरत राहिले, आणि अवातिफबाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मन्नानाबाई, आता जन्नतमध्ये राहायला जा, किती दिवस समुद्रावर राहणार?" सगळा वर्ग हसला. शामा हसली नाही. ते मला जास्त लागलं.

शामा घसरत नाही. भांडी घासताना म्हणते, कणीक मळताना म्हणते, आणि तोंडावर असा भाव की जसं काही हे सगळं आईच्या पोटातच ऐकून आली. तेव्हा मी ओळखलं की हिच्याकडे कुठली तरी दुआ आहे. अशी स्मरणशक्ती काही भेंडी-बटाट्यातून येत नाही. मग मीही दुआ गोळा करायला लागले. मूसा नबींची जिभेची गाठ सुटायची दुआ तर मला येतच होती, ज्ञान वाढायचीही येत होती. वाण्याच्या बायकोनं एक दिली, पहाटे म्हणायची. केस कापणाऱ्या बाईनं एक दिली, कुराण उघडण्याआधी म्हणायची, तिच्या मावशीला उपयोग झाला होता. (मावशीला काय पाठ झालं विचारलं, तर म्हणाली गाडी चालवायचा परवाना.) जडीबुटीवाल्यानं लोबान रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी उपाशीपोटी प्यायला सांगितलं, वर मूठभर काळे मनुके. आमच्या ह्यांनी दोन दिवस सोसलं आणि मग विचारलं, घरात कुणा पीराची कबर निघाली आहे का. अवातिफबाईंच्या नाकालाही तो वास लागला. त्या म्हणाल्या, दुआ चांगलीच, पण दुआ म्हणजे दार ठोठावणं; दार उघडल्यावर आत चालत आपणच जायचं असतं. हे त्यांना म्हणायला सोपं आहे, त्यांना जाऊ नाही.

त्यात सासूबाईंनी फर्मान काढलं. आम्ही दोघी एकाच वेळी वर्गाला जातो, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना चहा लागतो, पाय चेपून लागतात आणि कुणाला तरी नावं ठेवायची असतात. रमजाननंतर एकीनंच जायचं, दुसरीनं घरी बसायचं. कोणी, ते रमजानच्या आधीच्या जेवणाला ठरणार: सगळ्या बायका जमल्या की थोरली म्हणून मी रहमान म्हणायची. न अडता म्हटली तर मी जाणार. अडले तर तिथून पुढे शामा म्हणेल, आणि मग शामा जाणार. रहमानच का, विचारशील. सासूबाईंना वाचता येत नाही, पण कान असे, की मी कुठे घसरते ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आता ऐक. शामा रोज वर्गाहून आली की गच्चीवर जायची, थोडी थांबायची आणि हसतमुख खाली यायची. मी म्हटलं, दुआ तिथेच आहे. एक दिवस मी आधीच वर गेले आणि वाळत घातलेल्या घोंगड्यांमागे उभी राहिले. (ह्या वयात. ओली घोंगडी, ताई, पाठ अजून दुखतेय.) ती आली, कठड्यापाशी उभी राहिली, हात पसरले. मी कान टवकारून, दुआ तिथल्या तिथे पाठ करायच्या तयारीत. आणि ती काय म्हणाली, शब्द न शब्द सांगते, कारण माझ्या आयुष्यात एकदा ऐकून पाठ झालेली ही एकच गोष्ट:

"या रब, मन्नाना जाऊबाईंची जीभ मोकळी कर. त्यांच्या आईचा मुकुट आधी होऊ दे, मग माझ्या आईचा. माझ्या आईला थांबायची सवय नाही, पण थांबेल ती."

आणि खाली निघून गेली, भाजलेल्या बदामांची सालं काढायला.

म्हणजे तिला सपाता आठवतात. नवरीच्या आसनावरून तिनं सगळं पाहिलं होतं आणि इतकी वर्षं त्याबद्दल एक शब्द नाही. मला असं काही वाटलं, की ती माया होती की जळफळाट, मला सांगता येणार नाही. मला दोन्हींची चव सारखीच लागते. पण घोंगड्या बाजूला सारेपर्यंत माझं मी ओळखलं. जळफळाटच होता. अगं, पाठांतरात ती पुढे, मेंदीत पुढे, आणि आता मन मोठं करण्यातही हीच पुढे? मग मला काय ठेवलंय हिनं? आणि वर किती हुशार बघ. माणसानं दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीमागे दुआ मागितली, की डोक्याशी उभा असलेला फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तेच मिळो. लहानपणी आईनंच सांगितलं होतं आपल्याला. म्हणजे ही रोज माझ्यासाठी मागते आणि फरिश्ता रोज हिच्या पदरात टाकतो! म्हणून ही भराभर चढते, आणि मी स्वतःसाठी मागून मागून समुद्रात.

मला एक शंका मात्र राहिली. मी घोंगडीमागे होते, तर ती दुआ पाठीमागची धरायची का तोंडासमोरची? मी अवातिफबाईंना विचारलं, एका ओळखीच्या बाईच्या बाबतीत असं झालंय म्हणून. त्या म्हणाल्या, बोलणारीला माहीत नव्हतं तर पाठीमागचीच. आणि मग म्हणाल्या, त्या ओळखीच्या बाईंना सांगा, ओल्यात उभ्या राहू नका.

झालं. त्या दिवसापासून मीही शामासाठी दुआ मागायला लागले. दात-ओठ खाऊन, पण नाव घेऊन. परिणाम काय, तर तीन दिवसांत ती पुढची सूरा पाठ करून मोकळी. माझा फरिश्ता बहुतेक अजून "आमीन"पाशीच होता.

आणि परवा ते जेवण झालं. माणसं, ताई, ओसरीपर्यंत. सासूबाई मधल्या उशीवर, मी समोर. सुरुवात केली, समुद्र पार केला, गलबतं गेली, बागांपर्यंत गेले, आणि माणकं नि पोवळी म्हणताच माझा पाय सुटला. मोती तोंडात आलेच होते. सासूबाईंनी डोळे उघडले. मला आई दिसली, निळा कफ्तान, हातात सपाता. सगळ्यांनी शामाकडे पाहिलं, ती मागे चहा ओतत होती. आता तिनं नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि उरलेली सूराही तिची, वर्गही तिचा. तर ती माझ्या ग्लासात ओतायला खाली वाकली आणि माझ्या कानाशी, माशीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पालुपदापुढची ओळ म्हणाली. आणि ओळ कुठली माहीत आहे? तीच, चांगल्याची फेड चांगल्याशिवाय दुसरी काय असणार, अशा अर्थाची. ती पुढे गेली, शेजारणीच्या ग्लासात ओतायला. मी शेवटपर्यंत म्हटलं, ताई. एकदाही घसरले नाही. फक्त आवाज फुटत होता, तो बायकांना भक्तीचा वाटला.

पण सासूबाईंचे कान. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "एक म्हणते, दुसरी मागून पुरवते. म्हणजे तुम्ही दोघी मिळून एक बाई झालात." मग निकाल दिला: रमजाननंतर कशाला, उद्यापासूनच दोघींनी आळीपाळीनं दिवसाआड जायचं, आणि जी गेली तिनं त्या दिवशीचं घरी राहिलेलीला शिकवायचं. त्यांच्यासमोर, त्यांचा चहा चालू असताना. म्हणजे आता मला शामाकडून शिकायचंय. काल पहिला दिवस झाला. ती चांगलं शिकवते. ह्याहून वाईट बातमी माझ्याकडे नाही.

भाजलेलं पीठ गार झालं असेल, रमजानसाठी सेल्लोचे लाडू वळायला घेते. भाओजींना सलाम, मांजरीच्या डोळ्याला कोमट पाणी लाव.

तुझीच, धाकटी पण सगळ्यात जास्त सोसलेली,
मन्नाना

ता. क. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं: माझ्यासाठी रोज नाव घेऊन दुआ माग. तू लाराशला, मी सफरूला, ह्याहून पाठीमागची कुठली असणार. मुकुट आपल्या दोघींच्या आईला, घोकंपट्टी मात्र माझ्या एकटीची, तेव्हा एवढं तू करायलाच हवं. फरिश्ता तुलाही तेच देईल. तू पाठ काही करत नाहीस, पण चष्मा कुठे ठेवला ते तरी आठवेल.

ता. क. दुसरा. शामासाठी तू मागू नकोस. ते खातं माझ्याकडे आहे. आज पहाटे तिच्यासाठी मागताना माझ्या तोंडून आपोआप हाजिणबाईचंही नाव गेलं. तिलाही मुकुट दे म्हणाले, आपल्या आईच्या मुकुटाहून थोडा लहान चालेल. फक्त येताना सपाता स्वतःच्या पायात घालून ये म्हणावं. आपल्या आईला त्या दिवशी मुकुट सावरायला दोन्ही हात लागतील.