सातव्या कात्रणवहीतली नोंद

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप. आईचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे. काल तिने डॉक्टरलाच पथ्य सांगितलं.

नगरपालिकेचं पत्र आलं. नव्या सभागृहाला बाबांचं नाव द्यायचंय आणि तिथे ठेवायला त्यांच्या कात्रणवह्या हव्यात. नऊच्या नऊ चाळल्या. पहिल्या दोन लढाईच्या, बाकीच्या पाणीखात्यातल्या नोकरीच्या. स्वतःबद्दल छापून आलेलं सगळं त्यांनी चिकटवलंय, शिव्यासुद्धा. आणि लष्करातल्या सवयीने शेजारी वेळ घालून, पेन्सिलीने, खरं काय घडलं ते.

सातव्या वहीत जलाशयाच्या अपघाताची बातमी आहे. भोंगा न वाजवता दरवाजे उघडले, खालच्या वस्तीतली चार माणसं बुडाली, चौकीदार प्यायला होता म्हणून बडतर्फ झाला. शेजारी बाबांची नोंद: 'दुपारी २.१०. दरवाजे उघडायला फोनवरून मी सांगितलं. भोंग्यासाठी थांबू नको, हेही मीच.'

चौकीदार अजून त्याच वस्तीत राहतो. काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

करायचं काय त्यात? वर कोरा कागद चिकटव आणि वही देऊन टाक. झाकलेलं उघडायची तुझी खोड जुनीच. बाबांनी लढाईत सात जखमी पाठीवरून आणले. त्या दुपारी दरवाजे उघडून फुटायला आलेला बांध वाचवला म्हणून अर्धं शहर आज उभं आहे. एका ओळीने ते सगळं धुऊन काढायचं? तेवीस वर्षं झाली, चौकीदाराला आता त्याचं काय? आईला कळलं तर ती अंथरूण धरेल.

माया आहेच, पण या वेळी माझं ऐक.

तुझा दादा

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऐकलं नाही. वही काल होती तशीच नगरपालिकेत दिली. नावाचा ठराव त्यांनी पुढे ढकलला आहे.

आधी आईला वाचून दाखवलं. तिला ठाऊक होतं. चौकशीच्या दिवशी तिनेच बाबांना गप्प बसवलं होतं, आपण दोघं शाळेत होतो म्हणून. एवढं सांगून ती भाजी निवडत राहिली.

त्या सात जखमींची नावं पहिल्या वहीत आहेत, दादा. या चौकीदाराला मात्र आपण घरात 'तो दारुडा' एवढंच म्हणत आलो. तो पीत नाही. कधीच प्यायला नाही.

वही देण्याआधी मी ती घेऊन त्याच्याकडे गेले होते. एकच खोली, बाहेर सगळ्यांचा मिळून लांब व्हरांडा. चष्मा फुटलेला, म्हणून मीच वाचलं. अक्षर साहेबांचंच ना, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, बाहेर येऊन जरा मोठ्याने वाचा. मी व्हरांड्यात उभी राहून वाचलं. नळावरच्या बायका थांबल्या. समोरच्या दारात एक म्हातारी आली. बुडालेल्या चौघांत तिची मुलगी होती. तेवीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

तिला कमी ऐकू येतं, म्हणून त्याने पुन्हा वाचायला सांगितलं, सावकाश. मी वाचलं.

राग आला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी,
धाकटी