नोंदवहीतली पाणमांजरं

वॉशिंग मशीन पीं करून थांबलं, तेव्हा कळलं घर किती गप्प आहे. ठकी झोपली आहे, तेवढ्यात लिहिते.

तू आजही "रविवारची ड्यूटी आली गं" म्हणून गेलास. पाणमांजरांची वाट बघून पोरीचा धीर सुटला होता, म्हणून मीच तिला सकाळी अभयारण्यात नेऊन आणलं. साळिंदर दिसलं, भेकरं दिसली. पाणमांजरं काही दिसली नाहीत.

निघताना फाटकावरच्या वहीत पाहिलेले प्राणी लिहायचे असतात. ठकीने मागचं पान उलटलं आणि ओरडलीच, "आई, बाबांचं अक्षर!" गेल्या रविवारची तारीख. माणसं दोन, पाणमांजरं तीन. शेजारी तिच्या वहीत काढतोस तसंच मिशीवालं पाणमांजर. सवयीनं काढलंस ना?

त्या दिवशी ड्यूटीवर भूक लागते म्हणालास, म्हणून मी डबा दोघांना पुरेल एवढा भरला होता रे.

आम्ही आईकडे जातोय. कपडे मशीनमध्ये आहेत, तेवढे वाळत घाल. आज फोन करू नकोस.

ठकी उठली. डोळे चोळत विचारतेय, "आई, पाणमांजरं बाबा मला दाखवणार होते ना? मग त्यांनी कुणाला दाखवली?"