चांगथांगहून आलेलं विरजण

वेळच्चेरी, चेन्नई
मंगळवार

ती. अक्का,

आज सकाळी दही लागलं. भांडं तिरकं केलं तरी हललं नाही, असं जयंतीने सांगितलं. आणि आईने चमचाभर जिभेवर ठेवून, डोळे मिटून, ‘हीच आपल्या घरची चव’ असं जाहीर केलं. तुझ्या माहेरी सध्या याहून मोठी बातमी नाही. मी लडाखहून सायकलसकट परत आलो, ही तिच्या खालची. तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांची चौकशी करू नकोस. (हे फोनवरच कळवलं असतं, पण आई हल्ली चष्मा लावून घरातल्या सगळ्यांचे मेसेज वाचते.)

ओरगडमच्या कारखान्यात ट्रकचे ब्रेक तपासण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झालो आणि घरात बसवेना. खुर्चीत टेकलो की कोणीतरी विचारायचं, ‘कॉफी?’ उठलो की, ‘कुठे निघालात?’ जिथे हे दोन प्रश्न नाहीत अशा जागी जायचं ठरवलं. सायकल, तंबू, स्टोव्ह आणि मी, बाकी कोणी नाही. लडाखमधलं चांगथांग हे वाळवंट इतक्या उंचावर आहे की तिथे श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घ्यावा लागतो. आईने एकच अट घातली: घरचं विरजण बरोबर न्यायचं, कारण परक्या घरचं दही आपल्या पोटाला चालत नाही. म्हणून फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आला. म्हणजे मी एकटा निघालो आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघं झालो.

तिथला वारा आपल्या समुद्रावरच्या वाऱ्यासारखा नाही. तुम्ही ज्या दिशेला जाल तिकडूनच तो येतो. सायकल उलटी वळवून पाहिली, तोही वळला. वाळूत चाकं रुतली की मी उतरून ढकलायचो, आणि रानगाढवं ओळीने उभी राहून बघायची (आपल्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडल्यावर मंडळी बघतात तशी). थंडीत विरजण मरू नये म्हणून डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो. उबेची बाजू त्याची. सकाळी तंबूची चेन उघडायची, कोणी दिसतं का पाहायचं, लावायची, पुन्हा उघडायची. शांतता शोधायला गेलेला मी दुसऱ्याच दिवशी, कोणीतरी ‘कॉफी?’ विचारील म्हणून कान लावून बसलो होतो. शेवटी डब्याशी बोलू लागलो. तो मात्र काही विचारायचा नाही.

त्या उंचीवर पाणी उकळतं, पण भात शिजत नाही. एका संध्याकाळी वाऱ्याने स्टोव्ह दोनदा विझवला आणि पुढ्यात ओले तांदूळ राहिले. घशाखाली उतरावेत म्हणून एक चमचा दही घेतलं. मग आणखी एक. मग बोट. मग, अक्का, मी डबा धुतला. दुसऱ्या दिवशी एका वस्तीजवळ फोनला रेंज आली आणि आईचा आवाज आला: ‘बालाजी, घरचं दही उन्हाने बिघडलं, तार सुटत होती. सगळं ओतून टाकलं. आता काय ते तुझ्या डब्यात. जपून आण बाबा.’ डबा हँडलला टांगून वाळवत ठेवला होता. लखलखत होता.

वस्तीपलीकडे एका मेंढपाळ बाईचा तंबू होता. मी दारात उभा. ती हिंदीत म्हणाली, ‘घरच्यांनी हाकललं का?’ नाही म्हटलं. ‘मग इथे एकटा माणूस हिंडतो तो काही हरवलं म्हणून. तुझं काय हरवलं?’ मी खरं ते सांगितलं: दही. ती इतकी हसली की तिची शेळी उठून बाहेर गेली. मग तिने डबा भरून दिला. याकच्या दुधाचं. (याकच्या मादीला तिकडे वेगळं नाव आहे, मी विसरलो. तिनेही माझं कुठे विचारलं?)

तेच दही काल रात्री इथल्या दुधाला लावलं. आज जेवताना आईने ते दोनदा माझ्या पानात वाढलं आणि मी पंख्याकडे बघत राहिलो. सायकलच्या चेनला आज तिसऱ्यांदा तेल घातलं. जयंती म्हणाली, ‘कुठे निघालात?’ कुठेही नाही. बसवत नाही, एवढंच.

तुझा,
बालाजी

ता. क. शुक्रवारी तू येशील तेव्हा तुझं विरजण आणू नकोस. तुला ते आईनेच लग्नात दिलेलं, म्हणजे अस्सल. दोन्ही शेजारी ठेवली की माझं कळलंच. गाडीत सांडलं म्हण. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. (एक चांगली स्लीपिंग बॅग सोडून.)

ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पुराच्या वर्षी आपला फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता, तेव्हाच सासूबाईंचं विरजण गेलं. वरच्या मजल्यावरच्या चंद्रिकाने वाटीभर दही दिलं, तेच इतकी वर्षं चाललं. यांनी लडाखला नेलं तेही तेच. सासूबाईंनी तेव्हाही डोळे मिटून हेच म्हटलं होतं. अस्सल आता फक्त तुमच्याकडे आहे, तर जरूर आणा, आणि दोन डब्यांत आणा, म्हणजे एक ‘सांडला’ तरी दुसरा राहील. शुक्रवारी एग्मोर स्टेशनवर मी घ्यायला येते. तुम्हाला आधी गाठायला हेही सायकलने निघणार असं दिसतं, पण मी मेट्रोने येतेय; आधी पोचेन. – जयंती