गरम झऱ्यातला सकाळचा व्यायाम परत सुरू करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपतालुका प्रमुखसाहेब,
उपतालुका कार्यालय, न्यामिटोमा, युगांडा

विषय : झऱ्यातल्या व्यायामावरची बंदी उठवणे, तसेच "रेडा" या शब्दाबद्दल माफी.
संदर्भ : झऱ्याकाठच्या झाडावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी डॉक्टर नाही. माझ्या आजीचं, एसेझाचं, अर्धं अंग गेलं तेव्हा मोबाईलवर बघून शिकलो. गळ्यापर्यंतच्या गरम पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, म्हणून तिथे तिचे हातपाय हलवून घेतले. चार महिन्यांत आजी नाचणीच्या आंबिलीचा पेला स्वतः धरायला लागली. ते बघून गावातले बाकीचे म्हातारे आले. पुरुष अलीकडे, बायका दगडी आडोशापलीकडे. मी अलीकडून आकडे ओरडायचो, पलीकडून आज्या ओरडायच्या, "हळू मोज मेल्या, वासरं हाकतोयस का?"

२. झऱ्याचा रिवाज आपल्याला माहीतच आहे. कपडे झुडपावर टांगले की हुद्दाही तिथंच टांगायचा, पाण्यात कुणी कुणाची ओळख विचारत नाही. त्यात वाफ. त्या मंगळवारी कोपऱ्यात एक गृहस्थ नुसतेच बसलेले. मी म्हणालो, "ए म्हातारबा, चिखलातल्या रेड्यासारखा बसलास काय? गुडघा वर घे!" त्यांनी घेतला. वीस वेळा. कबिटो खाटीक म्हणाला, "बघा रे, रेडा नाचायला लागला!" सगळे हसले. गृहस्थही हसले, शपथेवर सांगतो. मग त्यांनी झुडपावरून आपला सरकारी बिल्ल्याचा कोट काढला, आणि हसणारा मी एकटाच उरलो. आपण तडक चढ चढून गेलात.

३. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : "झऱ्यात फक्त बसावे. हालचाल मना आहे." तीन आठवडे सगळे बसून आहेत. आपला शिपाई इतका चोख आहे की कुणी पाठ खाजवली तरी शिट्टी मारतो. आजीचा हात परत आखडला, पेला परत मीच धरतो. ती म्हणते, "साहेबाची माफी माग, नाहीतर आंबील तुझ्या डोक्यावर ओतीन." साहेब, ओतण्याइतका तरी तिचा हात हलावा, एवढीच मागणी आहे.

४. "रेडा" हा शब्द मी मागे घेतो. "गुडघा वर घे" हे मागे घेत नाही. कारण सोबत जोडलं आहे.

आपल्या हुकमाची वाट बघत काठावर कोरडा उभा,
अमॉन न्दयानाबो
१४ ऑगस्ट

सोबत :
१) अठ्ठावीस म्हाताऱ्यांच्या सह्या व अंगठे.
२) आपली काठी. त्या मंगळवारी झुडपाखालीच राहिली.