आबांची मोटार आणि आमचा कॉम्प्युटर

कुंडल, मार्च १९९७

ती. दाजींना आकारामचा दंडवत. अक्काचा गुडघा कसा आहे? मिलिटरीतून आल्यावर धरलेली तुमची पुण्याची नोकरी झकास चालली असणार, कारण त्याशिवाय आमच्यावर ही वेळ आली नसती. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तुम्ही आमच्या वाचनालयाला धाडलात. तो कृपा करून परत न्या.

पूजा झाली, नारळ फुटला, फ्लॉपीच्या फटीत कुणीतरी कुंकू भरलं, तिथवर बरं होतं. पण त्यात गाडी पळवायचा खेळ निघाला आणि गावातली झाडून सारी पोरं वाचनालयात लोटली. (एरवी चार म्हातारे येत, तेही पंख्यासाठी.) खेळातलं इंग्रजी कळेना म्हणून नववीतल्या आम्रपालीने कपाटातला शब्दकोश मागितला. तिची आई तासगावला द्राक्षं तोडायला जाते; घरात पुस्तक म्हणाल तर शाळेचं तेवढंच. आता त्या शब्दकोशाला नंबर लागतात. दाजी, हे बघून मला फार बरं वाटतं. पण ते असो, मी तक्रार करतोय.

वाचनालयाचे अध्यक्ष हंबीररावआबा. त्यांच्या विहिरीवरची मोटार आणि आपलं वाचनालय विजेच्या एकाच डीपीवर. मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर मान टाकतो. पोरं थेट त्यांच्याकडे गेली, "आवं आबा, उसाला जरा उशिरा पाणी पाजा की!" आबांचा पारा चढला. सोमवारी येऊन ते डबडं उचलायला लावतो म्हणाले.

आले. "काय उचलताय ते तरी बगा," म्हणून आम्रपालीने त्यांना खुर्चीवर बसवलं. आबांनी गाडी सरळ भिंतीवर घातली. पडद्यावर अक्षरं आली.

"काय लिवलंय गं?"

"आबा, तुमी मेलासा."

"आसं कसं मेलो? परत लाव!"

पुढच्या खेपेला आबा जिंकणार, तोच पडदा काळा. त्यांच्याच गड्याने मोटार सुरू केली होती. आबांनी खिडकीतून हासडलेली शिवी पत्रात लिहिण्याजोगी नाही. तेव्हापासून दिवसा मोटार बंद.

तर कॉम्प्युटर न्याच. भांडणं सोडवून मी थकलो.

आपला,
आकाराम

ता. क. : टेम्पो धाडू नका. आबा उचलू देणार नाहीत. (नंबर येईपर्यंत आम्रपाली त्यांनाही शब्दकोश घेऊन बसवते.)

आणखी एक : ऑफिसात जुना स्टॅबिलायझर असेल तर मात्र तातडीने धाडा. आबांच्या मालकीणबाई काल वाळलेला ऊस घेऊन आल्या होत्या. कॉम्प्युटर विहिरीत टाकते म्हणाल्या. मी त्यांनाही खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.