गायींची यादी उघडतेय...

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
दूध संस्थेचं ॲप तयार. गावातल्या गायी, त्यांचे मालक, लसी, सगळं एका पानावर. चेअरमन आबासाहेबांना दाखवलं. माझं पान उघडेपर्यंत त्यांचं पान खाऊन झालं. म्हणाले, "रविराज, एकेक गाय गोठ्यातून आणायला लागती का काय?" रेंजचा प्रॉब्लेम आहे, असं समजावलं.

५ नोव्हेंबर
रेंजचा नाही. घरच्या वायफायवरही तेच. म्हणजे सर्व्हर. मोठा सर्व्हर घेतला. तरी तेच. म्हणजे डेटाबेसच जुनाट.
क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मी हाताने लिहीत नाही. मी पायथॉनमध्ये साधं वाक्य लिहितो, डेटाबेसला कळेल अशी क्वेरी ओआरएम बनवतं. पुण्याच्या नोकरीत हेच केलंय. त्यामुळे चूक माझी असणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.

६ नोव्हेंबर
बायकोने, म्हणजे वृषालीने, मला न विचारता सृष्टीला फोन लावला. सृष्टी माझी चुलतबहीण, हिंजवडीत याच कामात. म्हणाली, "दादा, लॉग चालू करून बघ ना, एका पानामागे किती क्वेऱ्या जातात ते."
हिला पायथॉन मी शिकवलं. लॉग शिकाऊ लोक बघतात. बघणार नाही.

९ नोव्हेंबर, रात्री
यादी येईपर्यंत स्क्रीनवर रवंथ करणारी गाय टाकली. दिवस गेला, पण वाट बघणं सुसह्य झालं. वृषाली म्हणाली, गाय छान आहे. मग म्हणाली, आणि यादी?
कलेची कदर नाही.

११ नोव्हेंबर
शेजारच्या गावात लाळ-खुरकूत आलाय. दूध आटलंय, वासरं दगावली. आपल्याकडे रविवारी लसीकरण शिबिर. लस राहिलेल्या मालकांना ॲपवरून मेसेज जाणार. आबासाहेब म्हणाले, "जमंल ना? न्हाईतर स्पीकर फिरवतो गावात."
स्पीकर. या जमान्यात. जमेल म्हणालो.

१४ नोव्हेंबर
गुन्हेगार सापडला. विकलेल्या आणि मेलेल्या गायी वगळणारा फिल्टर. त्यातच वेळ जात असणार. काढून टाकला. पान जरा लवकर उघडलं, असं मला वाटलं. वृषालीला नाही वाटलं. ती बँकेत आहे, तिला हे जाणवायचं नाही.
मेसेज सोडले. टेस्ट केली नाही. टेस्ट घाबरट लोक करतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
शिबिर. गायी कमी, माणसं जास्त. विकलेल्या-मेलेल्या गायींच्या मालकांनाही मेसेज गेले, बाकीचे निम्मे अजून निघायचेच होते. संस्थेचे सभासद कारभारी, त्यांनी लोणीच्या बाजारात कधीच विकलेल्या गायींच्या जोडीचा मेसेज त्यांना गेला. विचारत होते, परत आणू का? डॉक्टर यादी मागत होते. मोबाईलवर माझी गाय रवंथ करत होती.
आबासाहेबांनी स्पीकरवाल्याला फोन केला. तासाभरात गायींची रांग लागली.
भामाबाई एकट्याच आल्या होत्या. त्यांची गाय चांदी साप चावून गेली, उन्हाळ्यात. मेसेजमध्ये तिचं नाव होतं. मी त्यांना फिल्टर समजावून सांगितला. आपण नोंद पुसत नाही, फक्त 'मृत' अशी खूण करतो, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे चांदी गेलेली हाय, हे तुमाला ठावं हुतं?"
व्हय म्हणालो.
"मंग नाव कशाला धाडलं?"


१७ नोव्हेंबर
लॉग चालू केला. कोणी सांगितलं म्हणून नाही. सहज.
आधी एक क्वेरी, सगळ्या गायी. मग प्रत्येक गायीसाठी वेगळी क्वेरी: हिचा मालक कोण? पुढची गाय, हिचा मालक कोण? खाली जाता जाता बोट दुखलं. डेटाबेस बिचारा प्रत्येक वेळी उत्तर देत होता. तेच ते परत विचारणारा तो लूप मीच लिहिलेला. लिहिला त्या दिवशी फार आवडला होता.
'सिलेक्ट रिलेटेड' एवढंच जोडायचं होतं, की गायीबरोबर मालकही एकदमच येतो. जोडलं. फिल्टर परत लावला. बोट उचलायच्या आत यादी हजर. चांदी त्यात नाही, तेही बघितलं.
आबासाहेबांना लगेच फोन केला. म्हणालो, आता क्षणात उघडतं.
ते म्हणाले, "लई ब्येस. आता लस सहा म्हयन्यांनी. तवर बंद करून ठेव, उगा लाईट जळती."
ॲप असं बंद करत नसतात, हे त्यांना सांगणार होतो.
बंद केलं.