साखरेला मुंगी लागेना

१ मे

पोचलो एकदाचे! धाकट्याचं घर पाहिलं आणि प्रवासाचा सगळा शीण उतरला. रस्त्याच्या अगदी टोकाला, एकमजली, पांढऱ्याशुभ्र भिंतींचं घर. पुढे फरशीचं अंगण, लोखंडी फाटक, फाटकाबाहेर एक झाड. धाकटा आणि सूनबाई हिवाळ्यातच इथे आले. नातीची शाळा अर्ध्यात मोडायला नको म्हणून ती माझ्यापाशी राहिली. आता परीक्षा संपली आणि आम्ही दोघं, म्हातारा नि पोर, बोचकी घेऊन हजर झालो. तिला सगळे टिकली म्हणतात. आहेच तेवढीशी. वाटेत प्रश्न विचारून विचारून शेजारच्या प्रवाशांचं डोकं उठवलं तिने.

सूनबाईला पाहून सगळ्यात बरं वाटलं. या बाईला किड्यांची भीती म्हणजे काय सांगू! जुन्या घरी झुरळ दिसलं की ती पलंगावर, तिच्या मागोमाग धाकटा पलंगावर, आणि चप्पल घेऊन धावायचं कोणी, तर मी. एकदा वाटाण्याच्या शेंगेत अळी निघाली तर आठवडाभर हिने वाटाण्याचं नाव काढू दिलं नाही. आज तीच घरभर अनवाणी फिरत होती. हसत म्हणाली की बाबा, या घरात किडा औषधालासुद्धा सापडायचा नाही.

मी जन्मभर गाद्या-उशा शिवल्या. गावातल्या निम्म्या लोकांचे ढेकूण मला त्यांच्या मालकांआधी ओळखायचे. दुकानात दुपारचा चहा घेताना बिस्किटाचा चुरा मुंग्यांना टाकायची सवय. बायको म्हणायची, घरी पोरं आहेत, त्यांची पण आठवण ठेवा. गेली बिचारी. सवय राहिली.

३ मे

सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुरा टाकला होता. संध्याकाळी जसाच्या तसा. काल सांडलेली साखरही तशीच, दाणा हललेला नाही. आज हौसेने कपाट सरकवून पाहिलं. मागे जळमट नाही, कोळी नाही. दिव्याभोवती पाखरू नाही. पाल तर नाहीच. तिने खायचं काय?

सूनबाईला म्हटलं, औषध जोरदार मारलंय वाटतं. ती म्हणाली की एक थेंब मारलेला नाही, घरच असं आहे. बोलताना भिंतीला पाठ टेकून बसली होती. फार गार भिंत आहे म्हणे, टेकलं की उठावंसं वाटत नाही. टेकून पाहिलं. खरंच गार. उन्हाळ्यात सुख वाटलं.

दुपारी घरमालक भाडं न्यायला आला. गुबगुबीत, बोलका माणूस. मी गमतीने तक्रार केली की तुमच्या घरात एक मुंगी नाही हो. तो खो खो हसला. म्हणाला, आजोबा, किडे आहेत म्हणून भांडणारे भाडेकरू ढिगाने पाहिले, नाहीत म्हणून कुरकुरणारे तुम्हीच पहिले. चहाला आत या म्हटलं तर हसू आवरलं आणि घाई आहे म्हणाला. फाटकाबाहेर उभा राहूनच बोलला सगळं.

६ मे

मुंग्या सापडल्या! फाटकाबाहेरच्या झाडाखाली चांगली जाड रांग आहे. फाटकापर्यंत सरळ येते आणि तिथे कोणीतरी पट्टी धरल्यासारखी काटकोनात वळते. आत एकही येत नाही.

टिकलीला खेळ मिळाला. बोट ओलं करायचं, साखरेत बुडवायचं आणि रांगेशेजारी टेकवायचं. मुंग्या चढल्या की ही गुदगुल्या होऊन खिदळते. माझ्याही बोटावर चढल्या. चावली एक, चांगली कडकडून. जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

धाकटा कामावरून आला, त्यालाही बसवलं खाली. लहानपणी दुकानात माझ्यासोबत हेच करायचा. त्याने साखरेचं बोट टेकवलं मात्र, रांग फुटली. मुंग्या तोंडातलं ओझं टाकून चौफेर पळाल्या. झाडावर चढल्या, मातीत घुसल्या. जरा वेळाने तिथे नुसती जमीन. टिकली म्हणाली, बाबाला घाबरल्या! तो म्हणाला, ऑफिसातल्या साबणाचा वास असेल. मीही तेच म्हटलं.

पण मनात पाल चुकचुकलीच. घरात नाही म्हणून बहुतेक मनात येऊन बसली.

१० मे

संध्याकाळी अंगणात बसवत नाही, डास घरात शिरत नाहीत पण अंगणापर्यंत बाहेरून येतात आणि फोडून काढतात. मला आणि टिकलीला. धाकटा आणि सूनबाई उघड्या हातांनी शेजारीच बसतात आणि त्यांच्या अंगावर एक टेकत नाही. सूनबाई कौतुकाने दंड पुढे करून दाखवते. मी म्हटलं, तुमचं रक्त बेचव झालंय. सगळे हसले.

टिकलीची खोली मागच्या बाजूला आहे. सकाळी उठवायला गेलो तर अंथरूण सोडून भिंतीला गाल लावून झोपली होती. गालावर गार, पांढरा डाग उठला होता. चोळला तेव्हा गेला.

१३ मे

आज जे केलं ते करायला नको होतं. पण खात्री करून घ्यायची होती.

कोपऱ्यावरच्या गटारापाशी एक मोठं झुरळ पकडलं आणि बरणीत घालून आणलं. सूनबाई भाजी चिरत होती. माझी तयारी होती की ती किंचाळेल, मला चार शब्द ऐकवेल आणि मी माफी मागेन. खरं सांगायचं तर ती किंचाळावी म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

तिने बरणी पाहिली. सुरी ठेवली. वाकून काचेला बोट लावलं आणि शांतपणे विचारलं की बाबा, याला कशाला आणलंत. झुरळ बोटापासून जितकं लांब जाता येईल तितकं गेलं. काचेवर चढायची धडपड केली, घसरलं, पुन्हा चढलं. मग उताणं पडलं, पाय जवळ घेतले आणि संपलं.

आमच्या सूनबाईला आता भीती वाटत नाही. भीती झुरळाला वाटत होती.

१४ मे

धाकट्याशी बोललो. म्हटलं, घर सोडू या, माझ्यासाठी म्हणून सोडू या. तो रागावला नाही. लहानपणी बूट शोधून दिले नाहीत तरी आदळआपट करणारा हा पोरगा. नुसता हसला आणि म्हणाला की तुम्हाला पण सवय होईल. बोलताना तळहात भिंतीवर. मी तो ओढून काढला. निघताना चिकटपट्टी सुटताना होतो तसा आवाज झाला.

१५ मे

फाटकाबाहेर एक मेलेली पाल पडली होती. मुंग्या तिला लागल्या होत्या, शेपटीकडून ओढत नेत होत्या. बराच वेळ बघत बसलो.

मेलेल्यालाही मुंगी लागते. कुजलेल्याला लागते. जगात मुंगीला नको असं काय असतं? माझ्या मुलाच्या हाताला लागत नाही.

मग त्या हातात काय उरलंय?

१६ मे

टिकलीच्या बोटाला साखर लावली. मुंग्या आल्या. बोटापाशी थांबल्या. मिशा हलवत राहिल्या. एक चढली. बाकीच्या मागे फिरल्या.

टिकली हिरमुसली. आबा, मी पण साबण लावलाय का, विचारते.

मी लगेच मोठीला फोन केला. धाकट्याची मोठी बहीण, टिकलीची आत्या. बाकी काही सांगितलं नाही, एवढंच की आजच्या आज येऊन पोरीला घेऊन जा. आली बिचारी धावत, अर्धी सुट्टी टाकून. टिकलीला गाडीत बसवलं आणि मोठीला बाजूला घेऊन सांगितलं की मी बोलावलं, रडलो, आजारी पडलो म्हटलं, तरी हिला इकडे आणू नकोस. ती म्हणाली, बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? म्हटलं, आज आहे, म्हणूनच सांगतोय.

मला वाटलं होतं, सूनबाई आडवी येईल. आई आहे ती. पण दारातून हात हलवत राहिली. म्हणाली की येईल परत.

१८ मे

मोठीचा फोन. टिकलीला डासांनी फोडून काढलंय, रात्रभर खाजवत रडली. मोठी वैतागलेली, आणि मी इकडे आनंदाने हसतोय. जीव भांड्यात पडला. चावू द्या! चांगलं कडकडून चावू द्या माझ्या पोरीला!

मोठी म्हणाली की तुम्हीही निघून या. येईन. पण या दोघांना टाकून कसा येऊ? माझं पोर आहे ते. हात धरून फाटकापर्यंत नेलं आज दोघांना. तिथवर आले. मग उभेच राहिले, गादीत कापूस ठासून भरावा तसे जड. ओढून ओढून मला धाप लागली. आम्ही कामाला जातो ते वेगळं, ते परत येण्यासाठी असतं, असं म्हणाला धाकटा.

२० मे

उकाडा फार. दुपारी जरा भिंतीला टेकलो. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

मग अंगणात बसलो. डास नाहीत. शेजारी कोणी धूर केला असेल.

२१ मे

डास आहेत. शेजारच्या माळ्याला चावत होते, तो कुंपणापलीकडून शिव्या देत होता. मी उघड्या अंगाने बसलो. एकही —

बोटाला साखर लावून फाटकाशी गेलो. रांग फुटली.

२२ मे

बोचकं बांधलं. निघालो. फाटकाला हात लावला. मग आठवलं, चहा राहिलाय. आत आलो. बोचकं सूनबाईने सोडून ठेवलं होतं. की मीच?

झोप मात्र छान लागते. बरीच वर्षं नव्हती लागली.

२४ मे

मुंग्या ही घाणच आहे. फाटकाबाहेरच्या रांगेवर उकळतं पाणी ओतायला हवं. घरात पोर येणार तर स्वच्छता —

हे मी लिहिलं? अक्षर माझं आहे. काना असाच देतो मी.

कोणतं पोर येणार?

२५ मे

मोठीचा फोन. म्हणते, उद्या सकाळी टिकलीला घेऊन येते. म्हटलं, अगं, मी नको म्हटलं होतं ना! ती हसली. म्हणाली, बाबा, परवा तुम्हीच फोन केलात, किती छान बोललात, म्हणालात की सगळं बरं आहे, पोरीशिवाय करमत नाही. आणि हेही म्हणालात की मी पुन्हा नको नको म्हटलं तर लक्ष देऊ नकोस, म्हाताऱ्याचा लहरीपणा समज.

मी फोन केला नाही. मी —

पुन्हा लावायला गेलो. सूनबाईने फोन हातातून अलगद काढून घेतला. मी देऊन टाकला. का दिला?

२६ मे, सकाळ

तोंडाचा भरवसा नाही. हाताचा आहे अजून थोडा. फाटकाशी बसलोय, वही घेऊन. मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो, गाडी आली की पान धरतो समोर. तिने वाचलं की झालं. एवढं जमायला हवं.

मोठे, गाडीतून उतरू नकोस. टिकलीला उतरवू नकोस. काच वर कर आणि परत फीर. मी काय बोलतो ते ऐकू नकोस, हे वाच. हे तुझ्या बाबाने लिहिलंय. परत फीर आणि टिकलीला घेऊन आत ये, चहा टाकलाय, तिची खोली गार आहे, आम्ही सगळे —

नाही. खोडलं.

गाडी आली. टिकली काचेतून हात हलवतेय. केवढं हसतेय. गालावर डासांचे फोड, लाल लाल, माझी सोन्यासारखी —

परत फीर. परत. उतरलीच ती. टिकले, तिथेच थांब. हात नको पुढे करू. मी धरणार नाही. मी फाटक उघडणार ना